आरोपी, दोषी आणि ‘कन्व्हिक्टेड’ : कायद्याच्या इंग्रजीत पाय घसरतो तो कुठे?

उपशीर्षका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःची फजिती सांगायला धागा काढतेय.

मी मराठी माहितीपटांची इंग्रजी उपशीर्षकं करते. मध्यंतरी एका जुन्या खटल्यावरचा माहितीपट हाती आला. निवेदक म्हणतो, ‘पाच जणांवर आरोप ठेवण्यात आले.’ मी लिहिलं, ‘फाइव्ह मेन वेअर कन्व्हिक्टेड.’ रात्रीचे दोन वाजलेले, हात आपोआप चाललेला, आणि कन्व्हिक्ट म्हणजे गुन्ह्यात अडकवणे असं काहीतरी डोक्यात कधीचं बसलेलं. तपासणाऱ्या बाईंनी फोन करून एवढंच विचारलं, ‘यातले तिघे शेवटी निर्दोष सुटतात ना? मग तुम्ही त्यांना अकराव्या मिनिटालाच शिक्षेच्या रांगेत का उभं केलंत?’

कान लाल झाले. फोन ठेवून शब्दांच्या याद्या काढून बसले. ॲक्यूज : आरोप करणे. चार्ज : आरोप ठेवणे. इंडाइट : आरोपपत्र ठेवणे. यादीत सगळे शेजारी शेजारी सुखाने नांदतात, वाक्यात घातले की भांडतात. चोरीची यादी तर विचारूच नका. थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी, लार्सनी, मगिंग, हाइस्ट, आणि समोर सहा वेळा ‘चोरी’.

तुम्ही हे शब्द कसे शिकलात? यादी नको, डोक्यात कसं बसलं ते सांगा.

वाटसरू

वाचनखूण साठवली. माझी फजिती लहान आहे. मॅनेजरने ईमेलमध्ये एका ग्राहकाबद्दल लिहिलं होतं, ‘ही इज सस्पिशस.’ मी समजलो, माणूस संशयी स्वभावाचा आहे, प्रेमाने समजूत काढायची. दोन लांबलचक ईमेल लिहिल्यावर कळलं की माणूस संशयास्पद होता. एकच शब्द दोन्हीकडून कापतो. ‘सस्पिशस ऑफ’ आलं की तो दुसऱ्यावर संशय घेतोय, नुसतं ‘सस्पिशस’ असेल तर बहुधा संशय त्याच्यावर आहे.

काळाकोट

उपशीर्षकाताई, तुमच्या बाईंचा प्रश्न लाखमोलाचा आहे. या शब्दांचा अर्थ पाठ करू नका, माणूस खटल्यात कुठवर पोचलाय ते बघा. मराठीत आपण पोलिसांनी उचलल्यापासून निकालापर्यंत एकाच माणसाला ‘आरोपी’ म्हणतो. वर्तमानपत्रं तर शिक्षा झाल्यावरही ‘आरोपीला दहा वर्षे’ असं छापतात. इंग्रजीत दर मुक्कामाला त्याचं नाव बदलतं.

पोलिसांना नुसती शंका आहे तोवर तो ‘सस्पेक्ट’. उचलला की ‘अरेस्टेड ऑन सस्पिशन ऑफ मर्डर’. म्हणजे अटक झाली तरी शब्द अजून संशयाचाच आहे, इकडे लक्ष द्या. पुरावा पुरेसा वाटून अधिकृतपणे आरोप ठेवला की ‘चार्ज्ड विथ मर्डर’. आता तो ‘ॲक्यूज्ड’ किंवा ‘डिफेन्डन्ट’. कोर्ट विचारतं, गुन्हा कबूल आहे का? त्याचं उत्तर म्हणजे ‘प्ली’. कबूल असेल तर ‘प्लीड्स गिल्टी’, नसेल तर ‘प्लीड्स नॉट गिल्टी’ आणि मग ‘ट्रायल’, म्हणजे खटला उभा राहतो. शेवटी एक तर ‘ॲक्विटेड’, म्हणजे आरोपातून सुटला, नाही तर ‘कन्व्हिक्टेड’, म्हणजे दोषी ठरला. आणि कन्व्हिक्ट झाल्याशिवाय ‘सेन्टेन्स्ड’ होत नाही.

तुम्ही त्या पाच जणांना चार्जवरून उचलून थेट कन्व्हिक्टवर नेऊन ठेवलंत. मधला अख्खा खटला गेला.

व्हर्डिक्ट आणि सेन्टेन्स यांचीही अशीच गल्लत होते. ‘व्हर्डिक्ट’ म्हणजे दोषी की निर्दोष एवढंच. ज्युरी असेल तर तो ज्युरी देते. शब्दाचा मूळ अर्थच ‘खरं बोलणं’ असा आहे. ‘सेन्टेन्स’ म्हणजे किती आणि कसली शिक्षा, ती न्यायाधीश ठरवतो. म्हणून ‘द ज्युरी सेन्टेन्स्ड हिम’ वाचलं की जुन्या वकिलाच्या पोटात दुखतं. अमेरिकेत काही ठिकाणी ज्युरीही शिक्षा ठरवते हे मला माहीत आहे. खुसपटराव, तुम्ही टंकायच्या आधीच सांगून टाकतो.

खुसपटराव

काका, मी ते टंकतच होतो. :) त्याऐवजी हे घ्या. ‘नॉट गिल्टी’चं मराठी आपण ‘निर्दोष’ करतो, पण ‘नॉट गिल्टी’ म्हणजे ‘इनोसंट’ नव्हे. कोर्ट एवढंच म्हणतं की गुन्हा सिद्ध झाला नाही. फौजदारीत सिद्ध करायचं ते ‘बियॉन्ड रीझनेबल डाउट’, वाजवी शंकेला जागा न ठेवता. दिवाणीत मात्र कुठली बाजू जास्त संभवनीय वाटते तेवढं पुरतं. त्याला इंग्लंडमध्ये ‘बॅलन्स ऑफ प्रॉबॅबिलिटीज’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘प्रिपॉन्डरन्स ऑफ द एव्हिडन्स’.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन. १९९५ साली ज्युरीने त्याला खुनाच्या आरोपातून सोडलं, म्हणून ‘ॲक्विटेड’. १९९७ साली त्याच मृत्यूंबद्दलच्या दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्युरीने त्याला जबाबदार धरलं. तिथला शब्द ‘गिल्टी’ नाही, ‘लायेबल’. दिवाणीत कुणी गिल्टी होत नाही, कुणाला प्रॉसिक्यूट करत नाहीत (म्हणजे फौजदारी खटला भरत नाहीत), कुणी कन्व्हिक्टही होत नाही. तिथे ‘स्यू’ करतात, म्हणजे दावा लावतात, आणि हरलेला भरपाई देतो. ‘माझ्या घरमालकाने मला प्रॉसिक्यूट केलं’ असं लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

परीक्षार्थी

काका, शब्द कळले पण त्यांच्यामागचे ऑफ, विथ, फॉर कसे लक्षात ठेवायचे? परीक्षेत तिथेच मार्क जातात. माझी वही बघून मीच घाबरते.

शाई

मी वीस वर्षं बातम्या तपासल्या, त्यामुळे याचं उत्तर हातात आहे, डोक्यात नाही. तरी प्रयत्न करते.

‘ऑफ’चं खटलं सगळ्यात मोठं. सस्पेक्टेड ऑफ, ॲक्यूज्ड ऑफ, गिल्टी ऑफ, कन्व्हिक्टेड ऑफ, ॲक्विटेड ऑफ. ‘विथ’ एकटा, फक्त चार्जचा सोबती. ज्यात ‘कशाबद्दल?’ हा प्रश्न दडलाय तिथे ‘फॉर’ : अरेस्टेड फॉर, ट्राइड फॉर, वॉन्टेड फॉर, स्यूड फॉर. आणि ‘टू’ कुठेतरी पोचवतो : सेन्टेन्स्ड टू फाइव्ह इयर्स, कन्फेस्ड टू द क्राइम, प्लीडेड गिल्टी टू मर्डर. तक्ता करून पाठ करू नकोस. रोज एक कोर्टाची बातमी मोठ्याने वाच, महिन्याभरात ‘ॲक्यूज्ड विथ’ कानाला खडा लागल्यासारखं टोचेल. ती चूक आमच्याकडे आठवड्यातून तीनदा यायची.

आणखी एक. ‘स्टील’ आणि ‘रॉब’ची कर्मं वेगळी आहेत. चोरलेली वस्तू ‘स्टील’ची, लुटलेला माणूस किंवा जागा ‘रॉब’ची. ‘दे स्टोल द बँक’ म्हणजे चोरांनी बँकेची इमारत खांद्यावर टाकून नेली.

आता माझा जुना राग. ‘अलेज्ड’ हा शब्द कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. ‘ॲन अलेज्ड मर्डरर’ म्हणजे खून झालाय, तो यानेच केला हा आरोप आहे. ‘ॲन अलेज्ड मर्डर’ म्हणजे मुळात खून झाला की नाही हेच ठरायचंय. प्रेत समोर, पाठीत सुरा, आणि आमचा वार्ताहर लिहितो ‘अलेज्ड मर्डर’. याच्या उलटही होतं. सीसीटीव्हीत तोंड झाकलेला एकजण दुकान लुटून पळतो आणि बातमीत येतं, ‘द सस्पेक्ट फ्लेड’. अरे, संशय कुणावर आहे? कुणावरच नाही अजून! पळाला तो ‘रॉबर’. उद्या कुणाला पकडलं तर तो ‘सस्पेक्ट’, आणि तोच पळाला होता असं कोर्टाने म्हणेपर्यंत दोघं वेगळी माणसं. हे लोकांना अतिसावधपणा वाटतो. मला वाटत नाही.

परीक्षार्थी

ताई, बँक खांद्यावर! हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. धन्यवाद.

काळाकोट

शाईताईंचा शेवटचा परिच्छेद चौकट करून लावावा असा आहे.

परीक्षार्थी, एक उच्चाराची गोष्ट घे. ‘सस्पेक्ट’ आणि ‘कन्व्हिक्ट’ ही नामंही आहेत, क्रियापदंही. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, सस्‌पेक्ट, कॉन्‌व्हिक्ट. क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर आणि पहिलं अक्षर अर्धवट गिळायचं. ‘इंडाइट’चं स्पेलिंग बघून ‘इंडिक्ट’ म्हणू नकोस, मधला सी फक्त शोभेला आहे. ‘सपीना’तला (कोर्टात हजर राहायचं फर्मान) बी तसाच.

खुसपटराव

आता सहा चोऱ्या. माझी पद्धत अशी, प्रत्येक शब्दाला एक खरी घटना बांधून टाकायची.

‘थेफ्ट’ : मोनालिसा. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, लूव्र संग्रहालय बंद. तिथे पूर्वी काम केलेला व्हिन्चेन्झो पेरुजा चित्र घेऊन चालता झाला. कुणाला मारलं नाही, धमकावलं नाही. १९१३ मध्ये चित्र इटलीत सापडलं. ही थेफ्ट.

‘रॉबरी’ : ८ ऑगस्ट १९६३, इंग्लंडमधली टपालगाडी. टोळीने गाडी अडवून चालकाच्या डोक्यात मारलं आणि सुमारे २६ लाख पौंड नेले. बळ वापरलं म्हणून रॉबरी, आणि जगाने नावही बरोबर दिलं, ग्रेट ट्रेन रॉबरी.

‘बर्गलरी’ : २०१५ च्या ईस्टरची सुट्टी, लंडनचं हॅटन गार्डन. वयस्कर चोरांनी तिजोरीघराच्या काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडून लॉकर फोडले. आत माणूस कुणी नाही, म्हणजे बळ कुणावर वापरणार? अर्ध्या वर्तमानपत्रांनी रॉबरी म्हटलं, आरोप मात्र बर्गलरीच्या कटाचा होता. आपली ‘घरफोडी’ याच्या अगदी जवळ जाते.

‘मगिंग’ म्हणजे रस्त्यात अडवून लुटणं, ‘शॉपलिफ्टिंग’ दुकानातून उचलणं. ‘हाइस्ट’ हा कायद्याचा शब्दच नाही, तो सिनेमावाल्यांचा आणि मथळेवाल्यांचा. हाइस्टबद्दल कुणावर चार्ज ठेवलेला ऐकलाय का?

काळाकोट

उदाहरणं चोख. एकच दुरुस्ती. बर्गलरीला भिंत किंवा कुलूप फोडावंच लागतं असं नाही. इंग्लंडच्या जुन्या परंपरेत बर्गलरी म्हणजे रात्रीच्या वेळी दुसऱ्याचं राहतं घर फोडून, आत गुन्हा करायच्या इराद्याने शिरणं. रात्र हवी, घर हवं, फोडणं हवं. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने हे सगळं सोडून दिलं. आता अनधिकाराने इमारतीत शिरताना चोरीचा इरादा असला तरी पुरे. उघड्या दारातून, भर दुपारी, काही न चोरता परत आलात तरी बर्गलरी होऊ शकते. म्हणून ‘घरफोडी’ हे भाषांतर जवळचं असलं तरी तंतोतंत नाही.

त्याच कायद्याने इंग्लंडमधून ‘लार्सनी’ हा शब्द हद्दपार केला. अमेरिकेत तो अजून नांदतो, ‘ग्रँड लार्सनी’ मोठ्या रकमेची आणि ‘पेटी लार्सनी’ किरकोळ. ‘फेलनी’ आणि ‘मिसडिमीनर’ची कथा तीच. गंभीर गुन्हा आणि किरकोळ गुन्हा अशी ही विभागणी इंग्लंडने १९६७ साली मोडीत काढली, अमेरिकेत ती रोजच्या वापरात आहे. तेव्हा आजच्या लंडनमधल्या पोलिसाच्या तोंडी फेलनी घालू नका.

आता गंमत ऐका. त्या कायद्याप्रमाणे थेफ्टला इरादा हवा तो मालकाला वस्तूपासून कायमचं वंचित करण्याचा. पोरंटोरं दुसऱ्याची गाडी पळवायची, तासभर हुंदडायची आणि रस्त्यात टाकून जायची. कायमची कुठे नेली? मग त्यासाठी वेगळा गुन्हा ठेवावा लागला, मालकाच्या संमतीशिवाय वाहन नेणं. ‘टेकिंग विदाउट ओनर्स कन्सेन्ट’ची आद्याक्षरं जोडून पोलिसांनी ‘ट्वॉक’ केलं आणि बघता बघता ते क्रियापद झालं. ‘ही ट्वॉक्ड अ कार.’ पोरांना ‘ट्वॉकर्स’ म्हणतात. कोर्टाच्या कागदातून गल्लीत गेलेले शब्द थोडे, त्यातला हा माझा लाडका.

दुभाषा

मी इंग्लंडमधल्या कोर्टांत मराठी-हिंदीचा दुभाषा म्हणून काम करतो. उशिरा आलो, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली ‘कॉशन’. नवा होतो तेव्हा पोलीस म्हणाला, ‘आय ॲम गोइंग टू कॉशन हिम’ आणि मी त्या गृहस्थांना सांगितलं, ‘हे तुम्हाला जपून राहायला सांगताहेत.’ ते म्हणाले, ‘हो हो, थंडी फार आहे.’ इथे कॉशन म्हणजे चौकशीआधी वाचून दाखवायची कायदेशीर ताकीद. सुरुवात ‘यू डू नॉट हॅव टू से एनिथिंग’ अशी, काही बोलायची सक्ती नाही. पण पुढे मेख आहे : जे नंतर कोर्टात बचावासाठी सांगाल ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. ही मेख १९९४ च्या कायद्यानंतर आली. अमेरिकन मालिकांत ऐकता ते ‘यू हॅव द राइट टू रिमेन सायलेंट’ वेगळं, ते १९६६ च्या मिरांडा निकालातून आलंय. तिथे गप्प राहणं हा हक्क आहे असं सांगतात पण त्याची किंमत सांगत नाहीत, इथे गप्प राहण्याची किंमतही सांगतात. दोन्हींचं ‘तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे’ असं एकच मराठी करून चालत नाही. भर म्हणजे किरकोळ गुन्ह्यात कोर्टात न नेता पोलीस औपचारिक समज देऊन सोडतात, तिलाही ‘कॉशन’च म्हणतात. संदर्भ बघूनच तोंड उघडायचं.

दुसरी, हातोडा. इंग्लंड आणि वेल्सचे न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. मी एकदाही पाहिला नाही, कारण तो नसतोच. तरी प्रत्येक चित्रात, प्रत्येक लेखाच्या माथ्यावर तो आपटत असतो. तो अमेरिकेचा.

वकिलांच्या नावांचीही तीच तऱ्हा. इथे ‘सॉलिसिटर’ अशिलाला भेटतो, कागद करतो, खालच्या कोर्टात उभाही राहतो. ‘बॅरिस्टर’ मुख्यतः वरच्या कोर्टात बाजू मांडतो. अमेरिकेत दोन्ही कामं ‘ॲटर्नी’ करतो. स्कॉटलंडमध्ये बॅरिस्टरऐवजी ‘ॲडव्होकेट’. कुठे काय म्हणायचं कळेना तर ‘लॉयर’ म्हणावं, कुणी रागावत नाही.

उपशीर्षका

दुभाषाजी, थंडी फार आहे! चहा सांडला माझा.

बेल, पॅरोल, प्रोबेशन यांचं काय करायचं? मराठीत जामीन आणि पॅरोल आहेत, प्रोबेशनला मी दर वेळी अडते.

दुभाषा

माणूस कुठे आहे ते पाहा. ‘बेल’ खटल्याच्या निकालाआधी, तो अजून दोषी नाही. बेल नाकारली तर ‘ऑन रिमांड’, म्हणजे निकाल लागेपर्यंत कोठडीत. ‘पॅरोल’ तुरुंगात काही शिक्षा भोगल्यावर, उरलेली अटींवर बाहेर. ‘प्रोबेशन’ बहुधा तुरुंगाऐवजी, देखरेखीखाली बाहेरच राहायचं. मराठीत मी ‘परिवीक्षा’ न म्हणता ‘देखरेखीवर सोडलंय’ म्हणतो. परिवीक्षा ऐकून समोरचा माझ्याकडेच बघत बसतो.

‘सस्पेंडेड सेन्टेन्स’लाही लोक फसतात. शिक्षा अर्ध्यात थांबवली असा त्याचा अर्थ नाही. तुरुंगवास सुनावलाय पण टांगून ठेवलाय. ठरलेल्या काळात पुन्हा गुन्हा केला नाही आणि अटी पाळल्या, तर आत जावं लागत नाही.

अर्धविराम

मंडळी, या गोंधळाचं मूळ कुणी सांगितलंच नाही. इंग्रज कायदा कित्येक शतकं तीन भाषांत जगला. १०६६ ला नॉर्मन आले, दरबार आणि पुढे कोर्ट फ्रेंच बोलू लागलं, नोंदी लॅटिनमध्ये, आणि कठड्यात उभा राहणारा गरीब इंग्रजीत. १३६२ साली कायदा करावा लागला की युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. नोंदी तरीही लॅटिनमध्येच राहिल्या. त्या इंग्रजीत आल्या १७३३ ला.

म्हणून साधे, अंगावर येणारे शब्द इंग्रजीचे जुने घरचे : थीफ, स्टील, मर्डर. कोर्टातले बरेच शब्द फ्रेंच : जज, ज्युरी, प्ली, व्हर्डिक्ट, परजरी (शपथेवर खोटं बोलणं). पॅरोल म्हणजे फ्रेंचमध्ये ‘शब्द’, कैदी शब्द देऊन बाहेर पडायचा. आणि कागदावरची लॅटिन. ‘ॲलिबाय’चा अर्थ नुसता ‘दुसरीकडे’. मी तिथे नव्हतोच, मी दुसरीकडे होतो. ‘ॲफिडेव्हिट’ म्हणजे ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. ‘ॲटर्नी जनरल’मध्ये विशेषण मागून येतं तेही फ्रेंच वळणामुळे, म्हणून अनेकवचन ‘ॲटर्नीज जनरल’. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आजही कामकाज सुरू होताना तीनदा ‘ओये’ची आरोळी होते. फ्रेंच शब्द, ‘ऐका हो ऐका’. आपल्या दवंडीचा चुलतभाऊच.

खुसपटराव

व्युत्पत्ती मजेची आहे, पण तिच्यावर विसंबून अर्थ लावू नका. ‘ब्लॅकमेल’मध्ये टपाल नाही. ते ‘मेल’ म्हणजे खंडणी किंवा भाडं, स्कॉटलंडच्या सीमेवरचे लुटारू शेतकऱ्यांकडून ‘तुम्हाला लुटत नाही’ म्हणून वसूल करायचे ते. आज ब्लॅकमेल म्हटलं की गुपित फोडण्याची धमकी डोळ्यांपुढे येते, निव्वळ खंडणीला ‘एक्स्टॉर्शन’ म्हणतात.

आणि आपला ‘ठग’! एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने आपल्याकडून उचलला, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेनंतर तर घरोघरी झाला. पण तिकडे जाऊन वळण बिघडलं. मराठीत ठग किंवा ठक म्हणजे गोड बोलून फसवणारा. इंग्रजीतला ‘थग’ गोड बोलत नाही, तो धटिंगण, मारकुटा. ‘ही थग्ड मी’ असं लिहून फसवणूक सांगू नका. त्याला ‘कॉन मॅन’, ‘स्विंडलर’ किंवा ‘फ्रॉडस्टर’ आहेत. ‘लूट’ मात्र इमानाने राहिली, इंग्रजीतही लूटच.

परीक्षार्थी

खुनाचं राहिलं. होमिसाइड, मर्डर, मॅनस्लॉटर, ॲसॅसिनेशन.

काळाकोट

पटकन सांगतो. ‘होमिसाइड’ म्हणजे माणसाने माणसाला मारणं, बस. तो गुन्हा असेलच असं नाही, स्वसंरक्षणात झालेला मृत्यूही होमिसाइड. ‘मर्डर’ला इरादा लागतो. इंग्लंडमध्ये जीव घेण्याचा किंवा निदान गंभीर दुखापत करण्याचा. ‘मॅनस्लॉटर’ म्हणजे बेकायदा मृत्यू घडवला, पण मर्डरइतका दोष नाही. मराठी ‘सदोष मनुष्यवध’ साधारण तिथेच बसतो. ‘ॲसॅसिनेशन’ हे कलम नव्हे, राजकीय किंवा तशाच कारणाने प्रसिद्ध व्यक्तीची हत्या. शेजाऱ्याचं ॲसॅसिनेशन होत नाही, शेजारी गल्लीत कितीही प्रसिद्ध असो.

तसंच ‘असॉल्ट’ आणि ‘बॅटरी’. अंगावर धावून जाऊन आता मारेल अशी भीती घातली की काटेकोर अर्थाने असॉल्ट झाला. हात लागला की बॅटरी. बोलण्यात दोन्हीला असॉल्टच म्हणतात.

शाई

आणि फाशी! ‘हँग’चं भूतकाळी रूप ‘हंग’, पण माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. कोट खुंटीला ‘हंग’, कैदी ‘हँग्ड’. ‘हंग ज्युरी’ म्हणजे फासावर चढवलेली ज्युरी नव्हे, एकमत न झाल्याने अडकलेली.

जाता जाता, ‘गोज टू प्रिझन’ म्हणजे कैदी म्हणून गेला, ‘गोज टू द प्रिझन’ म्हणजे कुणाला भेटायला गेला. एवढ्याशा ‘द’वर अब्रू.

वाटसरू

टॅक्सचं पण सांगा कुणीतरी. ‘इव्हेजन’ आणि ‘अव्हॉइडन्स’मध्ये मी कायम अडकतो.

खुसपटराव

अव्हॉइडन्स म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं, लोक नाकं मुरडतील पण गुन्हा नाही. इव्हेजन म्हणजे लपवणं, तो गुन्हा. अल कपोन १९३१ साली आत गेला तो इव्हेजनमुळे, अकरा वर्षांची शिक्षा. एवढ्या मोठ्या गुंडाला खुनाबद्दल कन्व्हिक्ट करता आलं नाही. या धाग्याच्या भाषेत सांगायचं तर खुनांबाबत तो मरेपर्यंत ‘अलेज्ड’च राहिला.

उपशीर्षका

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री तो भाग पुन्हा काढून दुरुस्त केला. आता असा आहे :

‘फाइव्ह मेन वेअर अरेस्टेड ऑन सस्पिशन ऑफ रॉबरी अँड लेटर चार्ज्ड. ऑल फाइव्ह प्लीडेड नॉट गिल्टी. देअर वेअर नॉट इनफ एव्हिडन्सेस अगेन्स्ट थ्री ऑफ देम, अँड दे वेअर ॲक्विटेड. द अदर टू वेअर कन्व्हिक्टेड अँड सेन्टेन्स्ड टू सेव्हन इयर्स.’

काका, चालेल?

काळाकोट

उत्तम. पाचही जण आपापल्या जागी आहेत. ‘रॉबरी’ टाकलंय ते बळ वापरलं होतं म्हणूनच ना?

उपशीर्षका

हो काका, पहारेकऱ्याला बांधून ठेवलं होतं. तपासूनच लिहिलं.

खुसपटराव

माफ करा, पण ‘एव्हिडन्स’ला अनेकवचन नसतं. एक असो की पन्नास, ‘एव्हिडन्स’च, आणि मोजायचा झाला तर ‘पीस ऑफ एव्हिडन्स’. म्हणजे ‘देअर वॉज नॉट इनफ एव्हिडन्स’.

उपशीर्षका

आय प्लीड गिल्टी. दुरुस्त करून पुन्हा पाठवतेय, बाईंचा फोन यायच्या आत.